भिंतीवरचे चित्र आणि कपावरचे चित्र

क्रिकेटची आवड असलेल्या घरात ‘विस्डेन’चे नाव माहीत नाही असे सहसा होत नाही. पिवळ्या वेष्टनातला तो जाडजूड वार्षिक ग्रंथ हाती आला नसला तरी त्याचे छायाचित्र कुठेतरी पाहिलेले असते. त्या पिवळ्या रंगावर काळ्या शाईत दोन माणसे आहेत : उंच टोपी घातलेला एक फलंदाज आणि त्याच्यामागे तशीच टोपी घातलेला यष्टिरक्षक. १९३८च्या अंकापासून हे चित्र तेथे आले. २००३ साली त्याची जागा पहिल्यांदा छायाचित्राने घेतली, आणि पुढच्या अंकांत ते आकाराने लहान होऊन परत आले. इतकी वर्षे लाखो हातांतून गेलेले हे चित्र ज्याने लाकडात कोरले, त्या एरिक रॅव्हिलियसचे नाव मात्र शतकांचे आकडे तोंडपाठ असणाऱ्यांनाही ठाऊक नसते.

रॅव्हिलियस (१९०३–१९४२) हा इंग्लंडमधील मुद्राचित्रकार, पुस्तकांची चित्रे काढणारा, चिनी मातीच्या भांड्यांची नक्षी रचणारा आणि जलरंगांत निसर्गचित्रे करणारा कलावंत. त्याची कामे आम्ही मुद्दाम या क्रमाने लिहिली आहेत. कलासमीक्षक सहसा उलट क्रमाने लिहितात. जलरंग आधी, ठसे नंतर आणि कपबशा सर्वांत शेवटी. तेही ‘उपजीविकेसाठी त्याला हेही करावे लागले’ अशा दयार्द्र सुरात. या क्रमाबद्दलच आमची तक्रार आहे. भिंतीवर टांगले की कला आणि हातात घेऊन वापरले की कारागिरी, ही वाटणी कोणी केली? आमच्या वार्षिकांकांतही वेगळे काय घडते? कथाकाराचे नाव ठळक टाइपात आणि ज्याने त्या कथेला चेहरा दिला त्याचे नाव ‘मुखपृष्ठ व सजावट’ म्हणून मुद्रकाच्या पत्त्याशेजारी, भिंग लावून वाचावे असे.

रॅव्हिलियस लंडनमधील अ‍ॅक्टन येथे जन्मला आणि ससेक्सच्या किनाऱ्यावरील ईस्टबोर्न गावात वाढला. वडिलांचे दुकान होते आणि त्यांचे दिवाळेही निघाले होते. १९२२मध्ये शिष्यवृत्ती मिळवून तो लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये गेला, तो चित्रकलेच्या नव्हे, डिझाइनच्या विभागात. तेथे त्याला एडवर्ड बॉडन हा जन्मभराचा मित्र मिळाला आणि पॉल नॅशसारखा शिक्षक भेटला. नॅशच्या ओळखीने लाकडी ठशांच्या कलावंतांच्या संस्थेत त्याचा प्रवेश झाला.

हा लाकडी ठसा म्हणजे आमच्याकडे कापडावर उठवायचा ठसा नव्हे. त्यासाठी बॉक्सवुड नावाचे अतिशय घट्ट लाकूड आडवे कापतात, म्हणजे खोडाचा आडवा छेद वर येतो आणि रेषा कुठल्याही दिशेला नेली तरी लाकूड चिरत नाही. मग पोलादी सळईसारख्या बारीक हत्याराने कोरायचे. जे कोरले ते पांढरे राहते, जे ठेवले ते काळे छापले जाते. म्हणजे हा कलावंत अंधारातून उजेड काढत जातो, आणि एकदा निघालेला उजेड परत बुजवता येत नाही. चुकीला क्षमा नसलेल्या या शिस्तीत रॅव्हिलियसचा हात तयार झाला. पुढे तो जलरंगाकडे वळला तेव्हाही ही शिस्त सुटली नाही. त्याच्या जलरंगांत रंगाचे ओघळ नाहीत. कुंचल्याच्या कोरड्या, तुटक रेषा आहेत आणि त्यांच्यामधून कागदाचा पांढरेपणा लाकडातल्या कोरलेल्या भागासारखा चमकतो. जलरंग थोर आणि ठसे किरकोळ असे म्हणणाऱ्यांनी एवढे तरी पाहावे की ते जलरंग ठशांच्याच पोटी जन्मले आहेत.

भित्तिचित्रे मात्र त्याला लाभली नाहीत. बॉडनसोबत मोर्ले कॉलेजात रंगवलेल्या भिंती १९४०च्या बॉम्बवर्षावात गेल्या, आणि १९३३मध्ये मोरकॅमच्या मिडलंड हॉटेलात पत्नीसोबत केलेले काम ओल्या गिलाव्याने खाऊन टाकले.

त्याच १९३३मध्ये लंडनच्या झ्वेमर गॅलरीत त्याचे पहिले एकल प्रदर्शन झाले. ३७ जलरंग मांडले होते, त्यांपैकी २० विकले गेले. १९३६च्या दुसऱ्या प्रदर्शनात ३६पैकी २८ गेले. तिसरे १९३९मध्ये टूथच्या दालनात झाले. त्या काळच्या मंदीत हे यश लहान नव्हे. या चित्रांत ससेक्सच्या खडूच्या टेकड्या आहेत, तारेची कुंपणे आहेत, मोडकी यंत्रे आहेत, आणि माणूस जवळजवळ नाही. ‘टी अ‍ॅट फर्लाँग्ज’ हे १९३९चे चित्र पाहा. छत्रीखाली टेबल मांडले आहे, कपबशा लावल्या आहेत, खुर्च्या तयार आहेत. बसायला कोणी नाही. ‘द बेडस्टेड’मध्ये लोखंडी खाट आहे, निजणारा नाही. इंग्रज समीक्षक या रिकामेपणाला काव्य म्हणतात. काव्य आहेच; पण आम्हांला त्यात थोडी पळवाटही दिसते. माणूस आला की त्याचे भांडण येते, त्याची गरिबी येते, त्याचा चेहरा येतो. रॅव्हिलियस हे सारे दाराबाहेर ठेवतो आणि मग खोली सुंदर दिसते.

भांड्यांच्या बाबतीत ही पळवाट उरत नाही, कारण भांडे हातात घेणारा माणूस भांड्याबरोबर येतोच. म्हणूनच वेजवुड कंपनीसाठी त्याने १९३६ ते १९४० या काळात केलेल्या रचना आम्हांला त्याच्या उत्तम कामांत मोजाव्याशा वाटतात. सुरुवात राज्यारोहणाच्या मगने झाली. आठव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी आतषबाजी, सिंह आणि एकशिंगी घोडा अशी रचना तयार झाली, आणि डिसेंबर १९३६मध्ये राजानेच गादी सोडली. कंपनीने डोक्याला हात लावला असेल. पण रचना इतकी पक्की होती की अक्षरे बदलून ती सहाव्या जॉर्जसाठी १९३७मध्ये वापरली गेली, आणि १९५३मध्ये, रॅव्हिलियस जाऊन अकरा वर्षे झाल्यावर, दुसऱ्या एलिझाबेथसाठी पुन्हा निघाली. तिचा विषय मुळात राजा नव्हताच. रात्रीच्या आकाशात फुटणारे बाण आणि ते पाहणाऱ्या गर्दीचा आनंद हा तिचा विषय होता. राजे त्यात येऊन-जाऊन राहिले.

१९३७ची मुळाक्षरांची मग लहान मुलांसाठी. प्रत्येक अक्षराला एक छोटे चित्र, ‘ए’ला विमान. पोर दूध पिताना मग फिरवत जाते आणि अक्षरे एकामागून एक पुढे येतात. पुस्तकाचे पान उलटावे लागते, येथे नुसते मनगट वळवायचे. गोल भांड्याला सुरुवात आणि शेवट नसतो ही अडचण रॅव्हिलियसने गुण म्हणून वापरली. १९३८च्या बोट रेसच्या वाडग्यावर पदकासारख्या लंबगोल चौकटींत थेम्सवरची ऑक्सफर्ड-केंब्रिजची शर्यत आहे आणि त्यानंतर पिकॅडिली चौकात चाललेला रात्रीचा जल्लोष. १९३९च्या सरबताच्या जगवर एका पिंपात फावडी, दाताळी, खुरपी उभी करून ठेवली आहेत. बागकामाची ही हत्यारे त्याने राजचिन्हासारखी मांडली आहेत. दहाव्या शतकात निशापूरच्या कुंभारांनी पांढऱ्या थाळ्यांच्या काठावर कूफी अक्षरांत सुवचने लिहिली, ती आज जगातल्या मोठ्या संग्रहालयांत मानाने बसली आहेत. ज्या परंपरेत जेवणाची थाळी ही अक्षरकलेची जागा मानली गेली, तिच्या वारसांना तरी मग आणि चित्र यांच्यातली भिंत पटू नये.

या भांड्यांची घडण कशी होती हेही सांगितले पाहिजे, कारण त्यात एक अन्याय दडलेला आहे. रॅव्हिलियस कागदावर रचना करून देई. वेजवुडच्या कारखान्यातील कोरणारे कारागीर ती तांब्याच्या पत्र्यावर रेघन्‌रेघ कोरीत. पत्र्यात तेलात कालवलेला रंग भरून त्याचा छाप पातळ कागदावर घेत. तो ओला कागद भांड्याच्या अंगावर बसवून ब्रशने घासत, मग पाण्याने कागद काढून टाकत. रंग भांड्यावर राही. भट्टीत भाजून पक्के झाल्यावर वरचे पिवळे, निळे, गुलाबी रंग हाताने भरले जात. सपाट कागदावरील चित्र गोल अंगावर सुरकुती न पडता चढवणे हे चार दिवसांत शिकता येणारे काम नव्हे. मगच्या तळाशी वेजवुडचे नाव असते आणि रॅव्हिलियसचेही असते. तांबे कोरणाऱ्याचे आणि रंग भरणारीचे नाव तेथे नाही. रॅव्हिलियसला ‘केवळ डिझायनर’ म्हणून खाली बसवणाऱ्या प्रतवारीची ही आणखी एक खालची पायरी.

वेजवुडखेरीज त्याने स्टुअर्ट कंपनीसाठी काचेच्या भांड्यांच्या आणि डनबार हे या लंडनच्या दुकानासाठी टेबल-खुर्च्यांच्या रचना केल्या. त्या नीटस आहेत. त्यापलीकडे आम्हांला त्यांत फारसे सापडले नाही.

‘हाय स्ट्रीट’ हे १९३८चे पुस्तक मात्र वेगळे. मजकूर जे. एम. रिचर्ड्‌सचा आणि रॅव्हिलियसची २४ लिथोचित्रे, सगळी दुकानांची. खाटीक, चीज विकणारा, पाद्र्यांचे कपडे शिवणारा, लग्नाचे केक करणारा, फटाकेवाला, खोगीर करणारा, मयतीचे सामान पुरवणारा. लिथो म्हणजे आमच्या जुन्या लोकांच्या भाषेत शिळाप्रेस. एकोणिसाव्या शतकातील मुंबईत उर्दू-फारसी ग्रंथ शिळाप्रेसवर निघत, कारण नस्तालीकचे वळण शिशाच्या खिळ्यांत बसत नसे आणि शिळेवर कातिबाच्या हाताची मुरड जशीच्या तशी उतरे. रॅव्हिलियसलाही या तंत्रात तेच आवडले : मध्ये दुसरा कोरणारा नाही, प्रत्येक रंगाची पाटी स्वतःच्या हाताने काढायची. पुस्तकाच्या २,००० प्रती निघाल्या आणि युद्धातील बॉम्बहल्ल्यात मूळ पाट्या नष्ट झाल्या. आज ही प्रत श्रीमंत संग्राहकांच्या कपाटात असते. पानावर पाहिले तर काचेआडचा माल उजेडात न्हालेला आहे आणि दुकानदार एक तर पाठमोरा आहे किंवा सावलीसारखा. भेंडीबाजारातल्या एखाद्या अत्तरवाल्याचे चित्र काढायचे आणि अत्तरवाल्याचा आवाज वगळायचा, असे हे झाले. माल बोलतो, माणूस येथेही गप्पच.

माणूस पाहणारी दृष्टी त्या घरात होती, पण ती त्याच्या पत्नीची. टर्झा गारवुड (१९०८–१९५१) ही ईस्टबोर्नच्या कलाशाळेत त्याची विद्यार्थिनी. १९३०मध्ये त्यांचा विवाह झाला. त्यापूर्वीच्या तीन-चार वर्षांत तिने केलेले लाकडी ठसे आम्ही रॅव्हिलियसच्या ठशांच्या बरोबरीने ठेवतो, आणि एका बाबतीत वर. जोडीजोडीने रांगेत चाललेल्या शाळकरी मुली, नात्यातल्या बायका, आगगाडीच्या डब्यात समोरासमोर कोंबलेले उतारू असे तिचे विषय. ती चिमटा काढते, पण चेहरा टाळत नाही. लग्नानंतर हे कोरणे जवळजवळ थांबले. घर, तीन मुले, पाहुणे, नवऱ्याची कामे. कथा इंग्लंडची असली तरी आमच्या भगिनी लेखिकांना ती समजावून सांगावी लागणार नाही.

तिने हात मात्र थांबवला नाही. १९३४च्या सुमारास तिने आणि बॉडनची पत्नी शार्लट हिने पाण्यावर रंग तरंगवून नक्षीचे कागद करायला सुरुवात केली. जुन्या पुस्तकांच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लाटालाटांचा रंगीत कागद असतो, तोच हा प्रकार. याचे फारसी नाव अब्री; अब्र म्हणजे ढग. तुर्कस्तानात त्याला एब्रू म्हणतात. डिंकाने दाट केलेल्या पाण्यावर (तुर्कस्तानात त्यासाठी आपण सरबतात घालतो तो कतिराच्या जातीचा डिंक) रंगाचे थेंब सोडायचे, ते पसरावेत म्हणून बैलाचे पित्त मिसळायचे, काडीने किंवा कंगव्याने नक्षी ओढायची आणि तुरटीच्या पाण्याने तयार केलेला कागद अलगद टेकवून उचलायचा. प्रत्येक कागद एकदाच होतो. ही विद्या इराण, तुर्कस्तान आणि आपले दख्खन येथे बहरली. युरोपीय प्रवाशांनी ती सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून पश्चिमेकडे नेली आणि तेथे तिला बराच काळ ‘तुर्की कागद’ म्हणत. सतराव्या शतकातील विजापूरच्या चित्रकारांनी तर पुस्तकाच्या अस्तरापलीकडे जाऊन अब्रीतून सबंध चित्रे घडवली. हाडाचा सापळा झालेला घोडा आणि त्यावरचा तसाच खंगलेला स्वार हे त्यांपैकी एक चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. घोड्याच्या खपाटीला गेलेल्या कुशीवर रंगाच्या लाटा पाहिल्या की कारागिरी कोठे संपते आणि कला कोठे सुरू होते, हे सांगणारा कोणी भेटावा असे वाटते.

टर्झाला विजापूरची ही चित्रे ठाऊक होती असे आमचे म्हणणे नाही. तिच्या हातात आलेली विद्या युरोपीय पुस्तकबांधणीच्या वाटेने आली. पण तिने त्या वाटेवरच्या लाटा आणि मोरपिसे बाजूला ठेवली आणि पाण्याकडून काही वेगळेच करून घेतले : पानांसारखे, फुलांसारखे, शिंपल्यांसारखे नाजूक आकार, ओळीने पुन्हा पुन्हा येणारे, फिक्या तपकिरी, करड्या, निळसर रंगांत. वाहत्या पाण्यावर एकसारखा आकार पुन्हा काढणे किती अवघड, हे एकदा ताटलीत पाणी घेऊन करून पाहावे. हे कागद लंडनमध्ये विकले जात. पुस्तकांच्या बांधणीला आणि दिव्यांच्या झडपांना लागत. घरखर्चाला हातभार लागे. आमचे स्पष्ट मत असे की त्या घरातून बाहेर पडलेल्या गृहोपयोगी कलेत हे कागद सर्वांत मौलिक आहेत, वेजवुडची भांडी धरूनसुद्धा. मगवर रॅव्हिलियसने आपली तयार शैली चढवली. टर्झाने हस्तकलेचे एक जुने तंत्र घेऊन त्यातून नवी भाषा काढली. तरी दीर्घकाळ त्या कागदांचा उल्लेख ‘पत्नी फावल्या वेळात’ या शब्दांनी होत राहिला. फावला वेळ! तीन मुलांच्या आईचा!

या जोडीचा एकत्र विचार का करायचा, याचा पुरावा एका चित्रात आहे. रॅव्हिलियसचे ‘ट्रेन लँडस्केप’ हे आज त्याच्या अत्यंत लोकप्रिय चित्रांपैकी एक. ते अ‍ॅबर्डीनच्या कलादालनात आहे. तिसऱ्या वर्गाचा रिकामा डबा, दारावर ३चा आकडा, जुन्या वेलबुट्टीच्या कापडाची बाके आणि खिडकीतून दिसणारा टेकडीवरचा खडूचा पांढरा घोडा. अभ्यासक सांगतात की रॅव्हिलियसला न आवडलेली दोन चित्रे कापून-जोडून टर्झाने हे चित्र सिद्ध केले. म्हणजे डबा त्याचा, घोडाही त्याचा, आणि डब्याच्या खिडकीत घोडा पाहण्याची कल्पना पुरी झाली ती तिच्या कात्रीने. आता दहाएक वर्षे मागे जाऊन तिचा आगगाडीचा ठसा पाहावा. तोच तिसरा वर्ग, तशीच बाके. पण माणसे आहेत, आणि त्यांच्या नजरा एकमेकांना चुकवत आहेत. दोन्ही शेजारी ठेवली की रॅव्हिलियसच्या रिकाम्या डब्यातून कोण उतरून गेले ते कळते.

युद्धात रॅव्हिलियस सरकारी युद्धचित्रकार झाला. नॉर्वेच्या समुद्रावर गेला, पाणबुड्यांत बसला, त्यावर १० लिथोचित्रांची मालिका केली. पाणबुडीच्या पोटातली नळकांडी, झोपण्याच्या फळ्या, दिव्याचा गोल उजेड, सारे देखणे. भीती मात्र तेथे नाही. युद्धाचे चित्र इतके शांत असावे का, या प्रश्नावर आमचे समाधान झालेले नाही. काहींच्या मते तो शांतपणा हेच त्याचे धैर्य. आम्हांला ते जगच्या अंगावरच्या फावड्या-खुरप्यांच्या नक्षीचे लांबवलेले टोक वाटते, आणि जगवर जे शोभते ते पाणबुडीत शोभतेच असे नाही. ऑगस्ट १९४२च्या अखेरीस तो आइसलंडला गेला. एक विमान बेपत्ता झाले होते, त्याच्या शोधाला निघालेल्या विमानात सप्टेंबरच्या आरंभी तो बसला. तेही परत आले नाही. वय ३९.

त्याच वर्षी टर्झावर कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली होती. त्या आजारपणात तिने आत्मचरित्र लिहायला घेतले. ते छापून यायला २०१२ साल उजाडले. त्यात संसारातल्या बेइमान्या, त्याच्याही आणि स्वतःच्याही, ती ज्या कोरड्या विनोदाने लिहिते तो विनोद तिच्या ठशांतलाच आहे. १९४६मध्ये तिने हेन्री स्वँझीशी पुनर्विवाह केला, पुठ्ठ्या-कागदाची छोटी छोटी घरे आणि दुकाने करून ती पेट्यांच्या चौकटींत बसवली, आणि मार्च १९५१मध्ये जाण्यापूर्वीच्या अखेरच्या वर्षात लहान आकाराची अनेक तैलचित्रे केली. त्या पेटीतल्या दुकानांकडे पाहताना ‘हाय स्ट्रीट’ आठवते. फक्त येथे काचेतून पाहणारा गिऱ्हाईक नाही, खेळायला बसलेले पोर आहे.

रॅव्हिलियसच्या जन्मशताब्दीला, २००३मध्ये, लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमने त्याचे मोठे प्रदर्शन भरवले. २०१५मध्ये डलिचच्या दालनात त्याच्या जलरंगांचे झाले. २०२२मध्ये त्याच्यावर चित्रपटही आला. टर्झाच्या कामाचे तितक्या तोलामोलाचे प्रदर्शन डलिचलाच भरले, पण त्यासाठी नोव्हेंबर २०२४ उजाडावा लागला. ठसे, अब्री कागद, पेटीतली घरे आणि तैलचित्रे तेथे एका छताखाली आली आणि मे २०२५पर्यंत राहिली. त्या प्रदर्शनाचे नाव होते ‘टर्झा गारवुड : बियाँड रॅव्हिलियस’. नवऱ्याच्या पलीकडची टर्झा दाखवायची, तरी पाटीवर नवऱ्याचे नाव लिहावे लागले; त्याशिवाय तिकीट कोण काढणार, असा हिशेब आयोजकांनी केला असावा, आणि तो हिशेब चुकीचा होता असेही आम्हांला म्हणवत नाही.